गाभुळलेलं आभाळ

आमच्या गावात बाईला मळ्यातून बाहेर काढायला एक ढग पुरत असे. माणूस लागत नसे, काठी लागत नसे. फाल्गुनात पूर्वेच्या डोंगरावर तो ढग दिसला, की गावातल्या काही बायकांनी आपापल्या घरात जाऊन बसायचं आणि आभाळ मोकळं होईपर्यंत मळ्याच्या कुंपणालाही हात लावायचा नाही. मी महाडची. माझ्या माहेरी ढगांना एवढा अधिकार नव्हता. लग्न होऊन पोलादपूरजवळच्या त्या नदीकाठच्या गावात आले आणि पहिल्यांदा हे ऐकलं, तेव्हा मला हसू आलं. सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की ते हसू घशातच राहिलं.

ढग मात्र बघण्यासारखा असे. बाकीचे ढग येतात आणि जातात, हा ठिय्या देऊन बसायचा. गोल, चपटा, कडा गुळगुळीत, एकावर एक तीन-चार थर, भाकऱ्यांची चवड रचावी तसा. खाली वारा असा की वाळत घातलेली लुगडी उडून जावीत, आणि हा जागचा हलत नसे. डोंगराची धार आणि ढगाचा तळ यांच्यामध्ये निळ्या आभाळाची एक पट्टी राहायची, हात लांब करून पाहिलं तर दोन बोटं मावतील एवढी.

गावात याला ‘गाभडलं आभाळ’ म्हणत. गाईचं वासरू दिवस भरायच्या आधीच पडलं की गाय गाभडली म्हणतात, तोच शब्द. मृगाचा पाऊस आभाळाच्या पोटात वाढत असतो आणि हा ढग म्हणजे डोंगरावरून निसटलेला त्याचा गर्भ, असं लोक मानत. म्हणून ज्या बाईचं स्वतःचं मूल असं पोटातून गेलं असेल, तिनं त्या दिवसांत मळ्यात पाऊल ठेवायचं नाही. ठेवलं तर वेलीवरची कोवळी फळं गळतात, मोठी कुजतात. कोवळ्या दुधीला बोट दाखवलं तरी तो कुजतो असं मानणारी माणसं ती, त्यांना हे पटायला वेळ लागला नसणार.

माझी थोरली जाऊ बनूबाई हिची तीन गेली होती.

आमच्या घरातले पुरुष, म्हणजे तिचा नवरा येसाजी आणि माझा रावजी, दोघेही मुंबईला गिरणीत. भात कापून झालं की नदीकाठच्या जमिनीत कलिंगडं, मिरची, वांगी, दुधी लावायची ती बायकांनीच. आणि आमच्या मळ्यात जे काही उगवायचं ते बनूबायच्या हातचं. मी तिला बायच म्हणत असे. ती कलिंगडाची आळी करायची ती मोजूनमापून केल्यासारखी. नदीच्या डोहातून घागरी भरून आणायची आणि पाणी वेलाच्या मुळाशी असं सोडायची की पानावर शिंतोडा पडू नये. कलिंगड पिकलं का हे कळायला देठाजवळचा कुरळा तणावा सुकला का, पोट पिवळं पडलं का, हे सगळे बघतात. ती नुसतं एका बोटानं वाजवून सांगायची, हे उद्या, हे परवा. हाताला गुण म्हणतात तो तिच्या हाताला होता, आणि पोटाला नव्हता म्हणून तिला हातही बांधून बसायला लावायचे. मला याचा राग यायचा. तिला येत नसे, किंवा येऊन येऊन संपला होता.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच फाल्गुनात तो ढग आला. बाय दोन दिवस घरात बसली. मला काम येत नव्हतं, सासूबाईंच्या गुडघ्यात वात होता, मळ्याकडे कोणी नीट बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस पडला. पिकलेली कलिंगडं पाणी पिऊन वेलीवरच तडकली, लाल मिरची काळी पडली. बाय मळ्यात नव्हती, तरी नुकसान झालं, तर मग आता काय म्हणाल? म्हणायला त्यांना वेळ लागला नाही. उंबऱ्यातून तिची नजर गेली असणार, असं शेजारची रखमा म्हणाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत.

ही हकिगत त्याच्या पुढच्या वर्षाची, म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षाची. मला तिसरा महिना होता. सासूबाई, राहीबाई त्यांचं नाव, मला वाकू देत नव्हत्या, पाणी आणू देत नव्हत्या. मी अंगणात बसून चिंचा खात होते. आमच्या आजेसासूची धाकटी बहीण तुळजाबाई कुडपणाहून डोंगर उतरून आली होती, पोलादपूरला नात्यातला साखरपुडा होता म्हणून. सत्तरी ओलांडलेली, तोंडात एक दात नाही, आणि पाय माझ्यापेक्षा घट्ट. ती सकाळी अंगणात आली, पूर्वेला ढग उभा होता, तिनं कपाळावर हात धरून तो पाहिला आणि म्हणाली, “गाभुळलंय गो.”

मला वाटलं, दात नाहीत म्हणून शब्द वाकडा पडला. मी तिला नीट करून सांगायला गेले, गाभडलंय म्हणा. त्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं माझ्या हातातली एक चिंच घेतली आणि कानाशी हलवली. आत गर खुळखुळला.

“ही कशी हाय?”

“गाभुळलेली.”

“टरफल वेगळं, गर वेगळा. कच्ची नाय, पिकली पन नाय. दोन-तीन दिसांत पिकंल. आभाळ पन तसंच हाय. डोंगरापासनं सुटलंय, बघ ती फट. दोन-तीन दिसांत पडंल. माझी भयन हेच बोलायची, गाभुळलं, मळ्यात चला, पिकलेलं काढा.”

मी चिंच तोंडात धरून बसून राहिले. कुडपणाची माणसं डोंगराच्या सपाटीवर राहतात, हा ढग त्यांच्या डोळ्यांसमोर उभा असतो. आजेसासू तिथूनच सून होऊन खाली आली आणि तिच्याबरोबर हा शब्दही आला. मग तो बिघडला कसा? तुळजाबाईला त्याचं नवल वाटलं नाही. बहिणीच्या तोंडात सदा मशेरी असायची, ती म्हणाली, काय बोलते ते घरात मला एकटीलाच कळायचं. म्हणजे एका म्हातारीच्या तोंडातल्या मशेरीपायी गावातल्या बायका वर्षानुवर्षं घरात कोंडून घेत होत्या. ‘मळ्यात चला’ असं सांगणारा शब्द होता, त्याचं ‘मळ्यात येऊ नका’ झालं होतं.

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या चुलीपुढे होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, शब्द कुठला का असेना, बनू बाहेर पडायची नाही. मग तुळजाबाईला घेऊन त्या साखरपुड्याला पोलादपूरला गेल्या.

बाय मागच्या खोलीत वाल निवडत बसली होती. मी तिला चिंच दाखवली, शब्द सांगितला, फट सांगितली. ती ऐकत होती आणि हात चालूच होते. शेवटी म्हणाली, “तुझ्या पोटात हाय, बये. कायतरी झालं तर मला चेचतील.”

“आणि नाय झालं तर?”

“तर कोन बोलनार नाय. नाय झालेल्याचं कोन बोलत नसतं.”

तिचं खरं होतं. तरी मी तिचा हात धरून तिला उठवलं. ते धाडस होतं की आडमुठेपणा, मला आजही ठरवता येत नाही. मला एवढंच कळत होतं की त्या मळ्यात सव्वाशेवर कलिंगडं होती, एकेकाला तिनं हातानं पाणी घातलं होतं, आणि ती पुन्हा तडकलेली बघायला मी तिला लावणार नव्हते.

आम्ही भर दिवसा, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून मळ्यात गेलो. रखमा कुंपणापलीकडे उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. पहिलं कलिंगड बायनं तीन-तीनदा वाजवून बघितलं. पाचव्या-सहाव्यानंतर तिला एकदा वाजवणं पुरायला लागलं. ती वाजवत पुढे जायची, मी देठ कापत मागून. जी अजून पिकायची होती त्यांच्याखाली ओल लागू नये म्हणून तिनं पेंढा सरकवला. पाणी तुंबू नये म्हणून बांध फोडून नदीकडे चर काढला. लाल मिरची तोडून आम्ही माळ्यावर पसरली. दुपारी मी रस्त्यावर जाऊन महाडच्या एस.टी.च्या कंडक्टरजवळ इस्माईलभाईसाठी निरोप दिला. तो आमची भाजी लॉरीनं महाडच्या बाजारात नेत असे. निरोप असा की दोन दिवस थांबू नका, उद्याच या.

सासूबाई संध्याकाळी परतल्या तेव्हा अंगणात कलिंगडांचा ढीग होता. तोडलेली कलिंगडं वेलीला परत लावता येत नव्हती. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, बायकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि न जेवता निजल्या.

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाई आला. एक कलिंगड फोडून त्यानं चाखलं, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, बाकीच्यांचं अजून वेलीवरच दिसतंय. बाकीच्यांचं देव सांभाळतोय असं मी म्हटल्यावर तो मोठ्यानं हसला. तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला, बोराएवढ्या गारा घेऊन. गावातल्या बहुतेक मळ्यांत पानांची चाळण झाली. आमच्या वेलीही झोडपल्या गेल्या, पण त्यांच्यावर आता कच्ची फळं तेवढी होती आणि ती पेंढ्यावर होती. गळलं एकही नाही. मी मुद्दाम वाफ्यांतून हिंडून बघितलं.

गावानं काय केलं? गाव गप्प बसलं आणि माझ्या पोटाकडे बघायला लागलं. मळा वाचला, आता पुढचं बघू, असं पाणवठ्यावर बोललं जायचं, मला ऐकू येईल इतपत हळू.

वैशाखात माझं मूल गेलं. पाचवा महिना होता. सकाळी कळा सुरू झाल्या, लॉरीतून महाडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. इस्माईलभाईनं लॉरी इतकी सावकाश चालवली की मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. डॉक्टर म्हणाले, असं पुष्कळींना होतं, कारण सापडत नाही, तुमची काही चूक नाही. हे त्यांनी मला सांगितलं. गावाला कोण सांगणार?

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली होती, आणि गावाला कावळ्याचं नाव माहीत होतं. रखमा मला भेटायला आली आणि बाय घरात असताना, तिला ऐकू जाईल अशी म्हणाली, तरी आम्ही सांगत होतो. मला माझ्या मुलाचं दुःख होतं. ते माझं होतं. लोकांनी तेही माझ्याकडून काढून घेतलं आणि बायच्या पदरात टाकलं, गुन्हा म्हणून. आणि खोटं कशाला सांगू, आठ दिवस मीही मानलं. बायनं ताट पुढे सरकवलं की मी तोंड फिरवायचे. तिनं एका शब्दानं विचारलं नाही. ती माझ्यासमोर यायची थांबली, मग मळ्यात जायची थांबली. दुधीच्या मांडवावर पानं लोळायला लागली.

ती सुकलेली पानं बघूनच माझं डोकं ठिकाणावर आलं. मला राग आला, आधी स्वतःचा, मग सगळ्यांचा. उन्हात चक्कर येत होती तरी मी मागच्या खोलीत गेले आणि तिच्यासमोर बसले.

“बाय, तुझ्या हातानं गळायचं असतं तर आधी ती कलिंगडं गळली असती. सव्वाशेला हात लावलास. माझ्या पोटाला तू एकदा पन हात लावला नाय.”

ती रडली. मी तिला तीन मुलांसाठी कधी रडताना पाहिलं नव्हतं, ती त्या दिवशी त्यांच्यासाठी रडली आणि माझ्यासाठीही. मी पण रडले. दोन दिवसांनी सकाळी मांडवाखाली तिची घागर वाजली.

पुढच्या फाल्गुनात ढग आला. त्या वर्षी तो इतका रेखीव होता की वाटेनं जाणारे लोक थांबून बघत होते. पाच थर, आणि खाली ती निळी फट. आता आमच्या घरात बसायला लावण्यासारख्या दोघी होत्या. मी टोपली घेतली, बायनं कोयता घेतला, आणि आम्ही मळ्याकडे निघालो तर सासूबाई बेड्यापाशी उभ्या. बेडं म्हणजे मळ्याच्या तोंडाशी दोन आडव्या बांबूंचं फाटक. त्यांनी वरचा बांबू दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडे रखमा आणि आणखी दोघी-तिघी आपल्या मळ्यांच्या कडेला थांबल्या होत्या. त्यांना तमाशा हवा होता.

सासूबाई मला म्हणाल्या की पोरी, तुझं वय अजून आहे, तुला परत दिवस जातील, देवाच्या तोंडी का लागतेस. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. मी इतके दिवस त्याला राग समजत आले होते. त्यांना भीती वाटत होती.

मी मोठ्यानंच बोलले, पलीकडच्यांनाही ऐकू जावं म्हणून. “आय, माझं एक गेलं. बायची तीन गेली. आमी दोघी आत चाललोय. ज्यांचं कदी काय गेलं नाय त्यांनी हिथं येऊन आमाला अडवावं. बाकीच्यांनी बाजूला व्हावं.”

कोणी पुढे आलं नाही. रखमानं खाली बघितलं. आणखी एक बाई उगाच वेलाचं पान सरळ करायला लागली. मला वाटलं होतं, सासूबाई तरी म्हणतील, मी अडवते. त्यांचे हात बांबूवर तसेच होते. मग त्यांनी वरचा बांबू सरकवला, वाकून खालचा सरकवला, आणि त्यांच्या गुडघ्यांचा आवाज आला.

“माझी दोन,” त्या म्हणाल्या. “येसाच्या आदी एक, रावजीच्या मागनं एक. गावाला कळू दिलं नाय. घरात बसवली असती तर मळा कोनी केला असता? तीस वर्सं ह्याच आभाळाखाली राबले. रोज वाटायचं, आज गळंल, आज उघडं पडंल.” त्या बायकडे वळल्या. “तुला बसवत व्हते तवा जरा बरं वाटायचं गो. माझं झाकलं जायचं.”

बायनं कोयता माझ्याकडे दिला, सासूबाईंच्या दंडाला धरलं आणि उंचवट्यावरून त्यांना खाली वाफ्यात उतरवलं. मला त्या क्षणी सासूबाईंचा इतका राग आला होता की मी त्यांना हात दिला नसता. बायनं दिला. मग आम्ही तिघींनी दोन दिवस काम केलं. बाय वाजवायची, मी कापायची, सासूबाई बसल्या बसल्या पेंढा सारायच्या. इस्माईलभाईनं लॉरी भरून नेली. काही कलिंगडं चार दिवस अजून वेलीवर राहिली असती तर जास्त गोड झाली असती, तेही आम्ही कापून टाकली होती.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. चिंच काही वेळा झाडावर गाभुळते आणि तशीच वाळून जाते, तसं झालं. चौथ्या दिवशी ढग कडेनं विरत गेला आणि दुपारपर्यंत आभाळ लख्ख झालं. बाकीच्यांचे मळे वेलीवर छान पिकत होते. आम्ही मिरचीच्या वाफ्यात खुरपत होतो. कुंपणापलीकडून रखमानं हाक मारून विचारलं, आला का गो तुमचा पाऊस?

सासूबाईंनी मान वर केली नाही.

“नाय आला,” त्या म्हणाल्या. “म्हनून काय घरात बसू?”